चापाचं वजन

टक् असा आवाज झाला तेव्हा मी टेसच्या स्वयंपाकघरात ताटं पुसत होतो. आवाज अगदी लहान. तिचा नवरा ब्रेंट बाहेरच्या खोलीत बेसबॉल बघत होता, टेस उरलेले कोबीचे गोळे डब्यात भरत होती, आणि दोघांपैकी कुणाची मानही वळली नाही. का वळावी? घरात जोसीसारखं चार वर्षांचं पोर असलं की दिवसभर काही ना काही आपटत, वाजत असतंच. पण मी चौतीस वर्षं हाच आवाज ऐकत एका टेबलाशी बसलो होतो, दिवसातून दीडशे वेळा, आणि आईला गर्दीतही आपल्या पोराचा खोकला ओळखू येतो तसा मला तो ओळखू आला. पिस्तुलाचा चाप किती जोरानं सुटला तेही कळलं. साडेचार पौंड. आवाजावरून जोर कळत नाही असं कुणी म्हणेल. त्यानं चौतीस वर्षं बसून दाखवावं आणि मग बोलावं. हात कुणाचा तेही कळलं. चाप दाबणारा हात नव्हे, चाप हलका करणारा. मी ताट खाली ठेवलं, हात धुऊन येतो म्हणालो आणि आतल्या खोलीकडे गेलो.

अर्ध्या तासानंतर मी त्यांच्या दारासमोर माझ्या गाडीत बसलो होतो. किल्ली लावलेली, इंजिन बंद, आणि कोटाच्या आतल्या खिशात पिस्तूल आणि त्याच्या गोळ्यांचं मॅगझिन. मी टेसच्या गालाला गाल लावला होता, जोसीच्या केसांवरून हात फिरवला होता, ब्रेंटच्या खांद्यावर थोपटलं होतं आणि सगळ्यांचा निरोप घेऊन निघालो होतो. भाचीच्या घरातून चोरी करून. किल्ली फिरवायची तेवढी बाकी होती आणि ती फिरवत नव्हतो. एप्रिल होता, रस्त्याच्या कडेला अजून काळा पडलेला बर्फ होता, आणि समोरच्या घरातला म्हातारा पायरीवर बसून माझ्याकडे पाहत होता. त्याला हात केला नाही. त्याचं काय अडलं होतं माझ्यावाचून.

त्या वेळी मला स्वतःचा राग यायला हवा होता. आला तो ब्रेंटचा. माझ्याहून तीस वर्षांनी लहान आणि मला तोंडावर काझ म्हणतो, आपण जणू एकाच बाकावर शिकलो. विम्याच्या कचेरीत कॉम्प्युटरसमोर बसतो आणि रविवारी हातात रेंच घेऊन फिरतो, पुरुषासारखं वाटावं म्हणून. पिस्तूल मोज्यांच्या खणात. शेजारी भरलेलं मॅगझिन, तेही मोज्यांतच. नळीमागचं चेंबर मात्र रिकामं ठेवलं होतं, एवढी अक्कल त्यानं दाखवली होती, आणि त्या एवढ्याशा अकलेवर आज ते घर उभं होतं. कुलपाची लोखंडी पेटी मीच आणून दिली होती त्यांना. ती कपाटाच्या तळाशी होती, उघडी, आत नाताळचे दिवे. मला ब्रेंटची मान धरून त्याचं तोंड त्या दिव्यांत खुपसावंसं वाटलं. मग त्याचा राग पुरेना म्हणून मी बॉस्टनच्या शहाण्यांवर घसरलो. ते नेहमी पुरतात.

राजधानीत बसलेल्या त्या बॉस्टनच्या शहाण्यांनी ठरवलं की या राज्यात दुकानातून विकायच्या पिस्तुलाचा चाप असा पाहिजे की पाच वर्षांच्या सर्वसाधारण मुलाला तो ओढता येऊ नये. एक उपाय म्हणजे दहा पौंड जोर. कुणाचं पाच वर्षांचं मूल, असं आम्ही विचारायचो. कसायाचं की वाण्याचं? एक जण म्हणायचा, माझा धाकटा आणतो, त्याच्या हातात बॉस्टनच्या त्या साहेबाचं नाक देऊन बघा. नियम आला तसं कारखान्यात एक वेगळं टेबल आलं. बाकीच्या राज्यांना जाणारी पिस्तुलं डावीकडच्या पट्ट्यावरून, आणि आपल्या स्वतःच्या राज्यातली उजवीकडून, वेगळी स्प्रिंग घालून, वेगळा शिक्का मारून. त्याआधी पाच-पाच नग प्रयोगशाळेत जायचे, तिथं त्यांना काँक्रीटवर पाडायचे, पुन्हा पाडायचे, मग त्यांचं नाव यादीत. निम्म्या कंपन्यांनी हात जोडले, म्हणाल्या तुमच्या राज्यात विकतच नाही जा. आम्ही कुठं जाणार? आमच्या भिंतीच नदीच्या पाण्यात उभ्या होत्या, दीडशे वर्षांच्या. सकाळी आमच्याच डाव्या पट्ट्यावरून गेलेलं पिस्तूल संध्याकाळी माझ्याच गावच्या दुकानातून मला विकत घेता येत नव्हतं. जगात कुणालाही चालेल, मला नाही. असा अपमान गिळायला सांगितला तर माणूस काय करतो, हे कायदा करणाऱ्यांना कधी कळलंच नाही, कारण त्यांनी हातानं काही केलेलंच नव्हतं.

माझं टेबल उजवीकडचं होतं. चांगला चाप कसा असतो हे सांगता येत नाही, बोटालाच कळतं. पिकलेलं जर्दाळू देठावरून सुटतं तसा तो सुटला पाहिजे, ओढ नको, खरखर नको. तो तसा करायला मी सहा वर्षं एका पोर्तुगीज म्हाताऱ्याच्या हाताखाली चापाचे सुटे भाग दगडावर घासले होते, कातडी जाईपर्यंत. आणि मग मला पगार मिळू लागला तो चांगले चाप बिघडवण्याचा. जाड स्प्रिंग घाला, वजन लटकवा, दहा पौंडाला सुटला नाही ना, मारा शिक्का. हॉलिस नावाचा आमचा मॅनेजर होता, तो मागून यायचा आणि म्हणायचा, ‘‘काझ, जरा आणखी कडक करा, बारा करा, म्हणजे वकिलांना झोप लागेल.’’ त्याला पिस्तुलात काडीचा रस नव्हता, आधी बिस्किटांच्या कारखान्यात होता. मी बारा करायचो. उजवीकडचं प्रत्येक पिस्तूल माझ्याकडून मुद्दाम वाईट होऊन बाहेर जायचं, आणि मी घरी येऊन आयरीनशी भांडायचो.

आयरीन माझी बायको. त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, बावीस वर्षं, आणि शेवटी तिची बोटं जुन्या झाडाच्या मुळ्यांसारखी झाली, सांध्यांतून वाकडी. आमच्या गल्लीत लागोपाठ दोन घरं फुटली तेव्हा तिनं पिस्तुलाचा परवाना काढला. वर्गाला गेली, पोलीस ठाण्यात दहाही बोटांचे ठसे दिले, सहा आठवडे थांबली आणि दुकानातून पिस्तूल आणलं. उजवीकडचं. म्हणजे माझ्याच टेबलावरचं. सराव करायला गेलो तर तिला चाप ओढेना. एका बोटानं नाही, दोन बोटांनी नाही. ती रडली नाही, हसली, आणि ते पिस्तूल माझ्या हातात देत म्हणाली, ‘‘छान बनवलंयस. चोर येईल तेव्हा हे त्याला फेकून मारीन.’’ मागं रांगेत उभे असलेले लोकही हसले. त्या संध्याकाळी मी तळघरात बसलो आणि चौतीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम केलं. साडेचार पौंड. वाकड्या बोटालाही ते पाण्यासारखं जाई. दुसऱ्या रविवारी तिनं गोळ्या झाडल्या, कागदाच्या मधोमध, आणि माझ्याकडे वळून असं पाहिलं की लग्नाच्या दिवशीही तसं पाहिलं नव्हतं. त्यासाठी मी बॉस्टनचे दहा कायदे मोडले असते. खरं तर मोडला असेल तर एखादाच, आणि तोही लहान. आपल्या पिस्तुलाचं आपण काहीही करावं. दुसऱ्याचं करायला परवाना लागतो, आणि दुसरे आले ते नंतर.

आले ते आमच्या पोलिश क्लबातून. आयरीननंच सांगितलं असणार, कौतुकानं. मग एक जण कापडात गुंडाळून आणायचा, मग त्याचा साडू. दुकानातून आणलेलं पिस्तूल आधी काझकडे न्यायचं, अशी रीतच पडली. नव्या घराला पाद्र्याकडून पाणी शिंपडून घेतात तशी. मी पैसे घेत नव्हतो. कुणी घरचे सॉसेज आणून द्यायचं, कुणी हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ काढायचं, आणि लग्नात तर मी दुसरा आहेर कधी दिलाच नाही. नवऱ्यामुलाच्या पिस्तुलावर हात फिरवून दिला की झालं. क्लबात शिरलो की लोक सरकून जागा द्यायचे. कारखान्यात माझ्या नावाचं काही उरलं नव्हतं, तिथं होतं. पुढं कारखाना जॉर्जियाला गेला. तिथलं राज्य म्हणालं या, तुम्हाला कुणी विचारणार नाही. हॉलिसनं आम्हाला जेवणाच्या सुट्टीत उभं करून सांगितलं आणि प्रत्येकाला एकेक टोपी दिली. बरेच जण म्हणाले, बॉस्टननं घालवला. मीही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. आयरीन तेव्हा हयात नव्हती, नाहीतर ती म्हणाली असती की कंपनी स्वस्त मजुरीला गेली आणि तुम्ही बसा कायद्याला शिव्या देत. तिचं पिस्तूल मी रीतसर कागद करून टेसला दिलं. बहिणीची मुलगी, माझ्याच मांडीवर वाढलेली. चापाचं तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते काय होतं? ब्रेंटला सांगितलं, क्लबात, दोन ग्लास झाल्यावर, आणि त्यानं तोंडाचा आ केला तेव्हा मला बरं वाटलं.

समोरचा म्हातारा उठून आत गेला. मी खिशावरून हात काढला आणि लक्षात आलं की इतका वेळ तो खिशावरच होता. एवढं सगळं मनात घोळवलं, बॉस्टन, हॉलिस, जॉर्जिया, ब्रेंट, पण त्या खोलीच्या दारापाशी जाऊन दर वेळी मागं फिरत होतो. जोसी पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये जमिनीवर बसली होती. लहान मुलं पिस्तूल आपल्यासारखं धरत नाहीत. त्यांचं बोट चापापर्यंत पोचत नाही. ती पिस्तुलाची मूठ जमिनीवर टेकवतात, नळी स्वतःकडे करतात आणि दोन्ही अंगठे चापावर ठेवून ढकलतात. हे मला माहीत होतं. कारखान्यात आम्हाला त्याचं चित्र दाखवलं होतं, नियम आला त्या आठवड्यात, आणि आम्ही म्हणालो होतो, असं कोण धरतं. जोसीनं तसं धरलं होतं. नळी तिच्या पोटाशी, फ्रॉकवरच्या बदकाला टेकलेली. तिनं माझ्याकडे बघून अंगठे पुन्हा चापावर नीट बसवले, मोठ्या माणसाला काम दाखवताना मुलं बसवतात तसे.

मी तिच्या हातातून ते कसं घेतलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी तिला म्हणालो, ‘‘कुणाला सांगायचं नाही, हं.’’ माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हे.

आणि गाडीत बसून मी जे ठरवत होतो तेही त्याच जातीचं होतं. घरी एक जाड स्प्रिंग होती. रात्रीतून काम होईल. पुढच्या रविवारी जेवायला यायचं, पिस्तूल लोखंडी पेटीत ठेवायचं, पेटीला कुलूप घालायचं, किल्ली टेसच्या हातात द्यायची आणि दोन शब्द सुनावायचे. मामा आहे, ऐकून घेईल. ब्रेंटला मधल्या आठवड्यात पिस्तूल सापडलं नाही तर तो आपणच कुठं ठेवलं म्हणून शोधत बसेल, बायकोला सांगायची त्याची छाती नाही. कुणाला काही कळणार नाही. मला हायसं वाटलं. मग मला त्या हायसं वाटण्याची शिसारी आली, पण किल्लीवरचा हात तरी निघाला नाही. माझ्या मनात आलं की जोसी सांगेल, आणि माझ्या मनात असंही आलं की चार वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं. असा माणूस मी होतो, त्या गाडीत.

काचेवर टकटक झाली. ब्रेंट होता, पायात मोजे आणि सपाता.

‘‘काय काझ, गाडी रुसली? का भांडी राहिलीत म्हणून लपून बसलायस?’’

‘‘टेस काय करतेय?’’

‘‘तुझ्या नावानं खडे फोडतेय. म्हणे म्हातारा तासभर झाला तिथंच बसलाय, बघ जिवंत आहे का.’’ तो वाकला. ‘‘बरा आहेस ना? तोंड बघ कसं झालंय.’’

त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती, आणि ती मला सहन झाली नाही. त्यानं टोमणा मारला असता तर मी किल्ली फिरवून निघून गेलो असतो. मी उतरलो.

टेस स्वयंपाकघरातच होती. मी कोट न काढता खुर्ची ओढून बसलो आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं, फडक्यावर, मॅगझिन वेगळं. तिनं आधी पिस्तुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘मामा, हे तुझ्याकडे कसं?’’

‘‘जोसीच्या हातात होतं.’’

ती ब्रेंटकडे वळली. आवाज चढवला नाही. ‘‘तू म्हणाला होतास पेटीत आहे.’’

‘‘काल साफ केलं गं. ठेवणारच होतो. एक दिवस इकडचं तिकडं झालं.’’

‘‘एक दिवस.’’ तिनं खुर्चीची पाठ धरली होती. ‘‘पण तिला चाप ओढता येत नाही. दुकानात कागद केले तेव्हा दुकानदार माझ्या समोर म्हणाला होता. आपल्या राज्यात विकलेलं आहे, लहान पोराच्यानं ओढवत नाही, कायदाच तसा आहे. म्हणून मी घरात ठेवू दिलं. नाहीतर ठेवलं असतं का मी, मामीचं असलं तरी?’’

जोसी दारात उभी होती. ‘‘मला येतं,’’ ती म्हणाली. ‘‘अंगठ्यांनी. दोनदा केलं.’’

मी एकच आवाज ऐकला होता. पहिला मी ऐकलाच नव्हता, तेव्हा बहुतेक नळ चालू होता. टेसनं पोरीला उचलून कडेवर घेतलं, इतकं घट्ट की ती चुळबुळायला लागली. मग मी सांगितलं. तळघर, आयरीनची बोटं, साडेचार पौंड, सगळं. सांगताना मला जाणवत होतं की मी अजूनही ते काम किती चांगलं झालं होतं हे सांगतोय, आणि मला थांबता येत नव्हतं. टेसनं माझं बोलणं संपू दिलं आणि ब्रेंटला विचारलं, ‘‘तुला ठाऊक होतं?’’

‘‘हो म्हणजे, क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे.’’

‘‘मी ते नेतो,’’ मी म्हणालो. ‘‘जाड स्प्रिंग घालतो. दहा पौंड करतो, बारा करतो.’’

‘‘अजिबात नाही,’’ ब्रेंट म्हणाला. त्याची मान लाल झाली होती. ‘‘चूक माझी आहे, पेटीत नव्हतं, कबूल. उद्यापासून पेटीत. पण त्या बॉस्टनवाल्यांचं बोट मी माझ्या चापावर ठेवू देणार नाही. ज्यांनी आयुष्यात हातानं काही बनवलं नाही, ते आम्हाला शिकवणार?’’

शब्द माझे होते. सुराची चढउतारसुद्धा माझी होती, शेवटी जो थांबा घेतला तोही. वीस वर्षं मी हे क्लबात म्हणत आलो होतो आणि लोकांनी ग्लास आपटून दाद दिली होती. आज ते मोजे घातलेल्या एका मूर्ख माणसाच्या तोंडून ऐकलं, तर मला त्यात दाद देण्यासारखं काही दिसेना. मी त्याला गप्प बस म्हणणार होतो. कुठल्या तोंडानं, ते सुचेना.

टेसचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. ‘‘सगळ्यांना ठाऊक आहे म्हणजे? आणखी कुणाकुणाची केलीयस तू?’’

‘‘खूप वर्षं झाली त्याला.’’

‘‘नावं सांग.’’

‘‘टेस, लोकांचं खासगी असतं.’’

‘‘मामा, नावं सांग.’’

मी सांगू लागलो. आधी मेलेल्यांची आणि थकलेल्यांची, कारण ती सोपी होती. स्तानिस्लाव मिकुल्का, त्याचं त्याच्या मुलानं विकलं असेल. बर्निस लापा, ती आता वृद्धाश्रमात. हेन्री ग्रोबल. हेन्रीचं काम छान झालं होतं, त्याला संधिवात, म्हणून मी चारवर आणलं होतं. मी पुढचं नाव आठवू लागलो तेव्हा टेसनं जोसीला खाली ठेवलेलं दिसलं.

‘‘हेन्री म्हणजे हेडीचा नवरा?’’

‘‘हो.’’

तिनं फोन हातात घेतला. हेडी ग्रोबल घरी मुलं सांभाळते हे मला माहीत होतं. जोसी सोमवार ते शुक्रवार तिच्याकडे असते, दुपारी तिच्या मोठ्या पलंगावर बाकीच्या पाच मुलांबरोबर झोपते, हेही माहीत होतं. मीच तिला कितीदा तिथून आणलं होतं, हेडीच्या हातचा केक खाल्ला होता. हेन्रीचा चाप मी एका काळात हलका केला होता आणि जोसीला मी दुसऱ्याच काळात आणायला जात होतो. ते दोन्ही एकाच घरात घडत होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

टेसनं फोन लावला. पलीकडे वाजू लागल्यावर तो माझ्यासमोर धरला. ‘‘तू बोल,’’ ती म्हणाली. मी हेडीला हाक मारली.

‘‘काझ?’’ हेडीचा आवाज नेहमीसारखा मोठा आणि खुशीत होता. ‘‘अरे, आज सूर्य कुठं उगवला? ये ना, खसखशीचा रोल केलाय.’’

‘‘हेडी, हेन्रीचं पिस्तूल कुठं आहे?’’

‘‘काय?’’

‘‘पिस्तूल. हेन्रीचं. मी करून दिलेलं.’’

‘‘अगंबाई, ते होय,’’ ती म्हणाली, आणि तिच्या घरातली भांडी वाजलेली ऐकू आली. ‘‘तो गेल्यापासून मी काही हात लावलेला नाही रे. असेल इथंच कुठंतरी.’’